फोटोंच्या पाठीवरची हसरी तोंडं

आश्लेषाला जाग आली तेव्हा घर अगदी शांत होतं, आणि अडीच वर्षांचं मूल असलेलं घर दुपारी शांत असणं ही काही चांगली खूण नव्हे.

अमूला झोपवता झोपवता तिचाच डोळा लागला होता. यात नवीन काही नव्हतं. जेवणं आटोपली की दोघी पलंगावर आडव्या व्हायच्या, आश्लेषा लेकीच्या पाठीवर थोपटत गाणं गुणगुणायची, आणि त्या गाण्यानं आधी झोपायची ती बहुतेक वेळा आईच. एरवी अमू शेजारीच लोळत स्वतःच्या पायाच्या बोटांशी गप्पा मारत बसायची. आज शेजारची जागा रिकामी होती, आणि पलंगाखालून कसलातरी बारीक, चिकट आवाज येत होता.

आश्लेषानं वाकून पाहिलं. पत्र्याची ट्रंक बाहेर ओढलेली, झाकण उघडं. उद्याच्या स्पर्धेचे सगळे फोटो जमिनीवर मांडलेले. एकही चुरगळलेला नाही, एकावरही बोटाचा डाग नाही; अमू तशी नीटनेटकी मुलगी. फक्त प्रत्येकाच्या पाठीवरचा नंबराचा स्टिकर निघालेला. पिवळी, गोल, हसरी तोंडं अमूच्या गालांवर होती, गुडघ्यांवर होती, पलंगाच्या पायावर होती, आजीच्या पानाच्या डब्यावर होती. एक तोंड ट्रंकेच्या कुलपावर होतं. ते कुलूप लावायचं आश्लेषाच्या कालपासून मनात होतं.

"माझे," अमू म्हणाली. "सगले माझे."

खरं तर ते तिचेच होते. ताट पुसून संपवलं की एक हसरं तोंड, असा मायलेकींचा करार होता, आणि त्यासाठी आणलेले स्टिकर फ्रिजवर ठेवलेले असायचे. महिन्यापूर्वी स्पर्धेचे फोटो घरी येऊ लागले तेव्हा पहिली मंडळी दारात उभी राहिली तरी नंबरांच्या चिकटपट्ट्या काही बाजारात मिळाल्या नव्हत्या. मग आश्लेषानं फ्रिजवर हात घातला आणि प्रत्येक तोंडाच्या कपाळावर पेनानं आकडा लिहिला. अमूनं ते सगळं बघितलं होतं. काका येत होते, मावश्या येत होत्या, आणि भाताचं एक शीतही न खाता तिची हसरी तोंडं उचलत होत्या. तेव्हा ती काही बोलली नाही. आज तिनं आपलं परत घेतलं.

यातली गंमत कळायला आश्लेषाला वेळ लागणार होता. त्या क्षणी तिला दिसला तो फक्त महादेवकाकांचा चेहरा.

गेल्या वर्षी याच स्पर्धेवरून मुरुडचा फोटो क्लब फुटला होता. तेव्हा सगळी व्यवस्था कुशलकडे होती. बाजारात त्याचा स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, पासपोर्टचे फोटो. निकाल लागला, पहिला नंबर कुशलच्या मावसभावाला गेला, आणि महादेवकाका उभे राहिले. काकांचा जन्म एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेलेला. निवृत्त झाले तरी त्यांना माइक लागत नाही. फोटोंवरचे नंबर फिरवलेत, असं ते भर सभेत म्हणाले. कुशलनं क्लबच्या कपाटाची चावी टेबलावर ठेवली आणि जो गेला तो गेला, जाताना अर्धा क्लब घेऊन. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की एकजण रस्ता ओलांडायचा, आणि मुरुडच्या बाजारात रस्ता तो केवढा.

आश्लेषाला कुणाची बाजू घ्यायची नव्हती. तिला रविवारची सकाळ हवी होती. लग्न होऊन ती पनवेलहून इथे आली, पाठोपाठ अमू झाली, आणि दिवस दूध, दुपटी, डोस आणि मऊ भात यांत असे विरघळले की आपण कधी एकट्या कुठे उभ्या राहिलो होतो का, तेच तिला आठवेना. मग सासूबाईंनीच, आनंदीबाईंनी, एका रविवारी नातीला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, जा, तो कॅमेरा घेऊन जरा उंडारून ये. क्लबच्या मंडळींबरोबर किनाऱ्यावर चालायचं, वाळूत बसून एखाद्या खेकड्याची वाट बघायची, येताना कुणाच्यातरी ओसरीवर चहा. घरी परतल्यावर अमू जास्त गोड लागायची. क्लब फुटला तशा त्या सकाळीही गेल्या.

म्हणून यंदा ती अमूला काखोटीला मारून घरोघर हिंडली, दोन्ही बाजूंच्या. कुणाचा फोटो कुठला हे कुणालाही कळणार नाही, मलासुद्धा नाही, असा शब्द तिनं प्रत्येकाला दिला. सगळ्यांनी अलिबागला एकाच ठिकाणी, एकाच मापाचा फोटो छापून घ्यायचा. तिच्या ओसरीवर येऊन डब्यातून एक नंबर उचलायचा, तो फोटोच्या पाठीवर आपल्या हातानं चिकटवायचा आणि फोटो पालथा करून ट्रंकेत सोडायचा. नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी सासूबाईंच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. बरणी उघडायची ती परीक्षकांनी निवड केल्यावर, सगळ्यांदेखत. हे सगळं होईतो आश्लेषा भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

महादेवकाका आले ते नेहमीसारखी छत्री शर्टाच्या कॉलरला मागून अडकवून. फोटो काढताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून लागलेली ही सवय. आता पाऊस नसला तरी छत्री पाठीवर लोंबत असते, आणि गावातली पोरंही काकांना लांबून छत्रीवरूनच ओळखतात. भिंतीकडे तोंड केलेल्या आश्लेषाला ते म्हणाले, "सूनबाई, हे हसतंय माझ्याकडे बघून. एखादं रडकं नाही का?" कुशल आला तो दारात काकांच्या चपला नाहीत ना हे पाहूनच. पण आला. ती पाठमोरी असताना हळूच म्हणाला, "वहिनी, तुमच्यासाठी म्हणून देतोय हं."

आणि आता ट्रंकेतले सगळे फोटो पाठकोरे झाले होते.

आनंदीबाई वाडीतून सुपाऱ्या घेऊन आल्या तेव्हा सून जमिनीवर बसलेली आणि नात तिच्या मांडीत. अमूला विचारून झालं होतं, हा कुठे होता, तो कुठे होता. तिनं प्रत्येक वेळी मोठ्या खात्रीनं प्रत्येक फोटोवर बोट ठेवलं होतं. आनंदीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. स्टिकर आहेत ना सगळे, मग लाव परत, कुठला कुठे होता ते बघायला कोण येतंय, असं त्या म्हणाल्या. त्यांना खऱ्याखोट्याचं एवढं काही नव्हतं, सून रडायला नको होती.

आश्लेषानं तसा अंदाजही घेऊन पाहिला. काही फोटो आपण होऊन नाव सांगत होते. समुद्र एका अंगाला कलंडलेला, म्हणजे मोरू. तो पर्यटकांना होडीतून फिरवतो आणि चालत्या होडीतूनच फोटो काढतो. फेरीबोटीत उभ्या टेम्पोच्या हौद्यात मुंडावळ्यांसकट गाढ झोपलेला नवरदेव, म्हणजे बोर्ली पंचतनच्या शाळेत शिकवणारी कल्पिता असणार, ती दिघीहून फेरीबोटीनंच येते. पण असणार म्हणजे आहे असं नव्हे. दोन फोटोंपाशी तर तिचं काहीच चालेना. दोन्हींत ओहोटीची सकाळ, दोन्हींत माणसं खांदा लावून होडी पाण्यात लोटतायत. एक उजळ, एक अंमळ काळपट. उजळ फोटोच्या कोपऱ्यात पाण्यात एक खुंट होता, दुसऱ्यात तो नव्हता, एवढाच काय तो फरक. अंदाजानं बसवायचं तर बरणीही आजच उघडावी लागली असती. आणि एक नंबर जरी चुकून दुसरीकडे लागला, तर गेल्या वर्षी कुशलवर जो नुसता आळ आला ते ती खरोखर करून बसली असती.

तिनं रोह्याला बँकेत फोन लावला. प्रणयनं, तिच्या नवऱ्यानं, आधी हसून घेतलं. मग म्हणाला, सरळ सांगून टाक. फार तर काय होईल, क्लब मोडेल.

"तेच तर," आश्लेषा म्हणाली.

त्या संध्याकाळी ताटातला भात तिनं नुसता चिवडला. अमूनं आपलं ताट संपवून आईच्या ताटात डोकावून पाहिलं आणि मान हलवली, अगदी आश्लेषा हलवते तशी.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात दोऱ्या बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो टांगले गेले. दोन होड्या आश्लेषानं मुद्दाम लांब लांब लावल्या. पेणहून आलेले परीक्षक हरेश्वर सर हात मागे बांधून एकेका फोटोपाशी थांबत फिरले, परत फिरले, निवडलेल्या फोटोंत काय आहे ते त्यांनी एका कागदावर लिहिलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मग दारं उघडली. मंडळी बसली तीही कशी, डावीकडे महादेवकाकांची, उजवीकडे कुशलची, मध्ये रिकामी वाट. लग्नातही मुलाकडचे आणि मुलीकडचे इतके वेगळे बसत नाहीत. मागच्या रांगेत आनंदीबाई नातीला मांडीवर घेऊन होत्या. अमूच्या गालावर अजून एक हसरं तोंड होतं. ते काही तिनं काढू दिलं नव्हतं.

"चला, नावं कळू द्या आता," हरेश्वर सर म्हणाले.

आश्लेषा लोणच्याची बरणी हातात घेऊन उभी राहिली. आंघोळ करताना, डबा भरताना, अमूची वेणी घालताना तिनं कितीतरी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"या बरणीतल्या चिठ्ठ्यांचा आता उपयोग नाही," ती म्हणाली. "फोटोंवरचे नंबर अमूनं काढले. मी झोपले होते."

वर पंखा फिरत राहिला. कुणीतरी हसलं आणि हसू अर्धवट गिळलं. कुशल कुणाकडेच न बघता म्हणाला, "माझ्या वेळी निदान नंबर तरी होते." डावीकडे कुजबुज सुरू झाली. महादेवकाकांनी छत्री कॉलरमधून काढून मांडीवर आडवी घेतली. गेल्या वर्षी उभं राहण्याआधी त्यांनी हेच केलं होतं.

आश्लेषानं त्यांना उठू दिलं नाही. निकाल सरांच्या खिशात आहे, ती म्हणाली, आणि त्यात काय आहे ते मलाही माहीत नाही. तो वाचण्याआधी प्रत्येकानं उठून आपापल्या फोटोपाशी उभं राहायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही, तपासायचं नाही.

"तुमच्यावर विश्वास ठेवते," ती म्हणाली. "आता माझ्याकडे तेवढंच आहे."

आधी सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग मागून मोरू उठला. "मी तर उटतो वैनी. माजा दर्या वाकडा, सगल्यांना म्हाईत हाय." आणि तो जाऊन आपल्या कलंडलेल्या समुद्राशेजारी थोडा तिरकाच उभा राहिला. तेवढ्यानं सुटलं. खुर्च्या सरकल्या, डावे उजवे एकमेकांत मिसळले, जरा सरका, हा माझा, अहो तुमचा पलीकडे, असं करत माणसं दोऱ्यांखाली उभी राहू लागली. कल्पिता आपल्या झोपलेल्या नवरदेवापाशी गेली. आश्लेषाला बघवेना. ती अमूकडे पाहत राहिली, आणि अमू तिच्याकडे.

गलबला थांबला तेव्हा तिनं वर पाहिलं. प्रत्येक फोटोपाशी एकेक माणूस होतं. फक्त काळपट होडीपाशी कुणी नव्हतं, आणि उजळ होडीपाशी दोघं होते, महादेवकाका आणि कुशल.

वर्षभरात ते दोघं एकमेकांच्या इतके जवळ उभे राहिले नव्हते. हा माझा, असं काका म्हणाले. माझा आहे, कुशल म्हणाला. काकांचा आवाज चढू लागला. ती सकाळ, ती होडी, ती माणसं, सगळं त्यांना आठवत होतं. पलीकडचा तो काळा फोटो आपला कसा असेल, आपण इतकं काळं काही काढलेलंच नाही. कुशल मान खाली घालून गप्प उभा होता, आणि त्याच्या गप्प राहण्याची आश्लेषाला जास्त भीती वाटली. त्याचा हात खिशाकडे गेला. गेल्या वर्षी त्याच खिशातून कपाटाची चावी निघाली होती. मोरू, कल्पिता, सगळे आपापल्या जागी थिजून बघत होते. आता हे दोघं गेले की बाकीचेही पाठोपाठ जिना उतरणार.

आश्लेषा फोटोपाशी गेली, काय बोलायचं ते न ठरवताच. दोरी जरा खाली होती, म्हणून ती अमूशी बोलताना बसते तशी उकिडवी बसली, आणि कोपऱ्यातला तो खुंट तिच्या डोळ्यांसमोर आला. खुंट जरा वाकलेला होता. त्याला पाय होते, गुडघ्यापर्यंत पाण्यात. मानेपाशी काहीतरी लोंबत होतं.

उठून तिनं काकांच्या वरच्या खिशातला चष्मा काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"काका, डावा कोपरा बघा जरा."

काकांनी चष्मा लावला. वाकले. "हा कोण मूर्ख पाण्यात उभा आहे?" ते म्हणाले. मग आणखी वाकले. खालच्या रस्त्यावरून पाववाल्याची सायकल गेली.

"छत्री माझी आहे," काका अखेर म्हणाले.

कुणी हसलं नाही. काका सरळ झाले, चष्म्यातून त्यांनी कुशलकडे नीट पाहिलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. "मी पाण्यात उभा आहे म्हटल्यावर मीच माझा फोटो कसा काढीन? तुझाच आहे हा."

"तर काय," कुशल म्हणाला. त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "किती वेळ वाट बघितली मी तुम्ही बाजूला व्हाल म्हणून. होडी चालली, उजेड चालला, तुम्ही आपले तिथेच. सांगणार कसं? आपण बोलत नाही ना."

मग मात्र सगळं सभागृह हसत सुटलं. मोरू गुडघ्यांवर हात ठेवून हसला. हरेश्वर सरांनी चष्मा पुसायला घेतला. काका काळपट होडीपाशी जाऊन उभे राहिले, त्या फोटोकडे बघत त्यांनी अलिबागच्या छपाईला दोन शब्द सुनावले, आणि मग त्यांच्या मानानं फारच हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "मागल्या वर्षीसुद्धा मी चष्मा लावला नव्हता बहुतेक."

कुशलनं ते ऐकलं. भिंतीकडची एक खुर्ची उचलून त्यानं काकांच्या मागे आणून ठेवली, आणि काका तीवर बसले.

सरांनी खिशातला कागद काढला. पहिला नंबर कल्पिताच्या झोपलेल्या नवरदेवाला. तो नवरदेव कोण, त्याचं लग्न वेळेवर लागलं का, हे सगळ्यांनी तिला विचारून घेतलं. तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्यातही होडी नव्हती. ज्या फोटोसाठी एवढं रामायण झालं त्याला उत्तेजनार्थ मिळालं. सर म्हणाले, कोपऱ्यातल्या त्या एकट्या माणसामुळे फोटोला जीव आलाय, तो नसता तर मी पुढे गेलो असतो.

"मग उत्तेजन मला द्या," महादेवकाका म्हणाले. "भिजलो मी."

मंडळी निघाली तेव्हा जिन्याशी काकांनी छत्री कॉलरला अडकवली आणि स्टँडवरच्या जुन्या आवाजात पुकारा केला. रविवारी सकाळी मुरुडहून काशीदला जाणारी क्लबची गाडी वेळेवर सुटेल, प्रवाशांनी चष्मे जवळ बाळगावेत. खालच्या दुकानातला माणूस खरोखरच बाहेर येऊन बघू लागला. आश्लेषा लोणच्याची बरणी काखेत धरून कठड्याला टेकली. डावीकडची, उजवीकडची माणसं एकाच जिन्यानं, एकमेकांना ढकलत उतरत होती. कुशलनं जाता जाता बरणी तिच्या काखेतून घेतली, वास घेतला आणि म्हणाला, वहिनी, पुढच्या वर्षी भरून आणा.

घरी आल्यावर तिला भूक लागली. कालपासूनची, परवापासूनची, कदाचित महिनाभराची. आनंदीबाईंनी सुकटीचं कालवण गरम केलं, भाताचा डोंगर वाढला आणि समोर बसून राहिल्या. स्टिकर परत लावले असतेस तर एवढं सगळं झालं नसतं, त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच हसल्या आणि म्हणाल्या, झालं ते बरंच झालं म्हणा. आश्लेषा जेवत होती. बोटं चाटून, ताटाला बोट फिरवून, शेवटचं शीत टिपून ती थांबली.

अमू शेजारी येऊन उभी होती. तिनं आईच्या ताटात डोकावून पाहिलं, नीट, सगळ्या बाजूंनी. मग आपल्या गालावरचं हसरं तोंड तिनं नखानं हळूच सोडवलं. दोन दिवसांत त्याचा चिकटपणा गेला होता आणि कपाळावरचा आकडाही पुसला होता. तरी तिनं ते आईच्या गालावर ठेवलं आणि पडू नये म्हणून तळहातानं दाबून धरलं.

"संपलं," ती म्हणाली. "शाणी आई."

आश्लेषा तशीच बसून राहिली, खरकटा हात अधांतरी, तो इवलासा तळहात गालावरून हलू नये म्हणून.